तीन पुस्तकांची वीट

मायमुनाच्या घरून काल आलेलं बटाट्याचं पुडिंग हुबेहूब माच्या, म्हणजे आईच्या, हातचं लागलं, आणि जरीफाची झोप उडाली. वाईट लागलं असतं तर ती फार छान झोपली असती.

रमजान लागल्यापासून जरीफा आणि मायमुना या नणंद-भावजयीत एकच ताट फिरत होतं. निळ्या काठाचं, एका बाजूला टवका उडालेलं. बो-काप मोहल्ल्यातल्या त्या चढाच्या गल्लीत रोजा सुटायच्या आधी शेजारीपाजारी ताट पाठवतात, आणि आलेलं ताट कुणी रिकामं परत करत नाही. जरीफानं समोसे पाठवले की मायमुनाकडून पाकातले, खोबरं लावलेले कुसिस्टर यायचे. ताट मुळात कुणाचं हे दोघींनाही आठवत नव्हतं. आठवलं असतं तर जिचं होतं तिनं ठेवून घेतलं असतं आणि प्रकरण मिटलं असतं.

"मायमुना पुस्तकात बघून करते," जरीफा गल्लीभर सांगायची. "बघून काय, कुणीही करेल."

पाककृतींची ही पुस्तकं घराण्याची होती. पणजी एका गोऱ्या साहेबाकडे स्वयंपाकाला होती, तिथून तिनं ती आणली. मागून आणली की न मागता, हे या घराण्यात कुणी विचारत नाही. ती पुढे माच्या वाट्याला आली, आणि गेल्या ईदला तिनं सगळ्यांदेखत उचलून सुनेच्या, मायमुनाच्या, हातात ठेवली. थोरल्या लेकीला, जरीफाला, मिळाला प्रेशर कुकर. शिट्टीशिवाय.

आज जरीफा समोशांचं ताट घेऊन मुद्दाम लवकर निघाली. उघड्या पुस्तकावर वाकलेली मायमुना तिला रंगेहाथ पकडायची होती. बोट ओळीवर, ओठ पुटपुटताहेत, अशी.

मायमुनाच्या स्वयंपाकघरात मा बटाटे सोलत होती, मायमुना जायफळ किसत होती. पुस्तक कुठंच नव्हतं.

"कुठायत?" ताट खाली ठेवायच्या आतच जरीफानं विचारलं.

"सलाम कर आधी," मा म्हणाली.

"सलाम. कुठायत?"

मायमुनानं हात पुसले आणि लोणच्याच्या बरणीवरून एक पांढरं गाठोडं उचललं. सोडलं. आत तीन पुस्तकं होती, म्हणजे एके काळी असावीत. आता ती एकमेकांना चिकटून तपकिरी, चकचकीत, एकसंध वीट झाली होती. जरीफानं नख घालून पाहिलं. नख तुटलं. मग सुरीचं टोक घातलं. फटीतून एक मुंगी बाहेर आली, तिनं तिघींकडे बघितलं आणि परत आत गेली.

"पाक सांडला," मा म्हणाली. "तू पोटात होतीस तेव्हा. तेव्हापासून बंदच."

"बंद? अगं, दर ईदला पुस्तकं घेऊन, दार लावून वाचत बसायचीस ना तू!"

"झोपायचे. पाच पोरं होती मला. पुस्तक घेऊन आत गेलं की कुणी दार वाजवायचं नाही. उशालाही बरी होती."

"मग हिला का दिलीस?"

"हिच्या लोणच्यावर ठेवायला वजन नव्हतं."

जरीफानं सावकाश मान भावजयीकडे वळवली. "आणि कालचं पुडिंग?"

मायमुना लाजली. "अंदाजानं, तीती. चाखता तर येत नाही ना, रोजा असतो."

तीती म्हणजे थोरली बहीण. एरवी हा मान जरीफाला आवडायचा. आज ती खुर्चीवर बसली. जिभेच्या टोकाला लावून थुंकायची सवलत रोज्यातही असते, आणि जरीफा ती समोशागणिक घ्यायची. ही बाई न चाखता! पुस्तकाचा हेवा करता येतो, पुस्तक हिसकावता येतं. अंदाज कसा हिसकावायचा?

"तुम्हाला हवीत तर न्या ना," मायमुना म्हणाली. तिनं समोसे आपल्या वाडग्यात काढले आणि ती वीट गाठोड्यासकट ताटात ठेवली. "आजचं पुडिंग अजून कच्चं आहे. ताट रिकामं कसं पाठवू? लोणच्यावर मी दगड ठेवीन."

वर्षभर जिच्यासाठी जीव जळला ती इस्टेट समोशांच्या बदल्यात मिळाली. आणि दिली कशी, तर एखादीनं कोथिंबिरीची काडी द्यावी तशी. देण्यातसुद्धा हिचा हात चांगला निघाला, याचा जरीफाला नव्यानं राग आला.

ती ताट घेऊन चढाला लागली. वीट जड होती. समोरच्या ओट्यावर फलदीला नावाची शेजारीण अर्ध्या दारावर कोपरं टेकून उभी होतीच.

"काय गं, आज काय दिलं भावजयीनं?"

जरीफानं तोंड उघडलं आणि ती तशीच थांबली.

पुस्तकं आता आपल्या घरात. संध्याकाळी मायमुनाचं पुडिंग घरोघर जाणार. लोक चाटून खाणार. आणि फलदीला, जिचं तोंड रोज्यातही बंद नसतं, ती म्हणणार, पुस्तकं तर नणंदेकडे गेली. म्हणजे मायमुनाच्या हातालाच चव आहे हो!

जरीफानं ताटाकडे पाहिलं. मग गर्रकन वळली आणि उतारावरून खाली निघाली, इतक्या जोरात की गाठोड्यातली मुंगी बाहेर येऊन ताटाच्या काठावर पळू लागली. गल्लीतली दोन-तीन दारं उघडायची तिनं वाट पाहिली. उघडली. मग दोन्ही टोकांना ऐकू जाईल असा आवाज तिनं लावला.

"मायमुने! अगं, पुस्तकं चुकून माझ्या ताटात आली की! यांच्याशिवाय पुडिंग कसं जमायचं तुला, बाई?"