घोड्याच्या घरातलं प्यादं

शिवप्रियानं मोबाईलमधल्या पटावर प्यादं शेवटच्या घरात सरकवलं, तशी चार चित्रं आली. वजीर, हत्ती, उंट, घोडा. तिनं घोडा दाबला, काल स्पर्धेत केला होता तसाच. डाव तपासणाऱ्या ॲपनं शून्य दाखवलं. म्हणजे बरोबरी.

"आता बघा हां, आप्पा." तिनं चाल मागं घेतली आणि वजीर दाबला. सात चालींत मात.

महालिंगप्पांनी चष्मा कपाळावर सारला, परत खाली आणला. तेर गावातल्या आपल्या कापडदुकानात गादीवर बसून त्यांनी चाळीस वर्षं भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं. नातीला खेळ त्यांनीच शिकवला, आपल्या देशी नियमानं. प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल तेच होणार. घोड्याच्या घरात घोडा, बास. काल सकाळी धाराशिवच्या एसटीत चढताना पोर म्हणाली होती, "माझ्या वर्गातली निकिता म्हंती, प्यादं कुठल्याबी घरात वजीर करता येतंय." आप्पा खो-खो हसले होते. "फुकटचा वजीर? मग खेळायचं कशाला?"

शेवटच्या फेरीत समोर नुसता राजा उरला होता, आणि पोरीकडं राजा नि एक प्यादं. तिनं घोडा केला. एकट्या घोड्यानं मात होत नाही. अर्ध्या गुणानं निवड हुकली. वर परतीच्या एसटीत आप्पांनी तिलाच झाडलं, "वजिराच्या घरचं प्यादं राखायचं सोडून घोड्याचं कुठं राखत बसलीस?" पोर खिडकीकडं तोंड करून रडली होती.

"हत्ती दाब बरं," आता आप्पा म्हणाले.

"त्यानंबी मात होतंय."

"उंट?"

"शून्य."

"परत वजीर दाब."

परत सात चालींत मात. यंत्र कुठं तरी चुकेल म्हणून आप्पा वाट बघत होते. ते चुकत नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नातीकडं बघायचा धीर होईना.

"आप्पा," ती हळूच म्हणाली, "ह्याला आपला नियम येत न्हाय, व्हय ना?"

आप्पा चुकले असतील, हे पोरीच्या मनाला शिवलंही नव्हतं. खरं सांगून टाकायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

"व्हय," ते म्हणाले. "त्याला कुठं ठावं आपला खेळ."

पोरीचा चेहरा केवढा खुलला! तिनं तिथल्या तिथं ॲप काढून टाकलं आणि मोबाईल बाजूला ठेवला.

"मला वाटलंच. आप्पा, माझ्या वर्गातल्या चौघीजणी उद्यापासून येणारेत. त्यांनाबी तुमीच शिकवा."