वीरभद्राचे घोटे

उजाडताच देवांची सोंगं रातभर नाचवायचा बोहाडा आटोपला आणि पाटलाने लक्ष्याच्या तोंडावरून वीरभद्राचा मुखवटा उतरवला. लक्ष्या तसाच थरथरत होता, डोक्यातल्या आवाजांशी तसाच भांडत होता. होळीपासून गावाने त्याला वेडा ठरवून त्याचे पाय लाकडी खोड्यात अडकवले होते. पण वीरभद्र नाचवायचा मान त्याच्या घराण्याचा, म्हणून काल सोडवलं. तो थरथरत नाचला, तेव्हा सगळ्यांनी त्याचे सोललेले घोटे धरून पाऊस मागितला, पोरं मागितली. आता पाटलाचे दोन गडी खोडा घेऊन आले. “देव गेला, चैती. उरलं ते याड,” पाटील लक्ष्याच्या बायकोला म्हणाला. चैतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्याच्या हातातला मुखवटा हिसकावून नवऱ्याच्या तोंडावर करकचून बांधला. “रातभर ह्याच पायांवर डोकी ठेवलीत,” ती म्हणाली. “घाला आता खोडा.” दोघांनी पाटलाकडे पाहिलं. जव्हार दरबाराने मानाने दिलेल्या फेट्यासकट त्याचं डोकं मुखवट्यापुढे आपोआप झुकलं.