अर्धं हार्डनर

उस्मानने डावा पाय स्कीच्या पट्ट्यात अडकवला आणि टेकडीखाली उभ्या असलेल्या अर्बाबला, बोटींच्या वर्कशॉपच्या ओमानी मालकाला, हात केला. मस्कतजवळ बौशरच्या वाळूत गाववाल्यांची शुक्रवारची सहल होती. खाली बिर्याणीची पातेली उतरत होती, मुलं पुठ्ठ्यांवर बसून घसरत होती. वर वाळूच्या धारेवर तिघंच: उस्मान, खतिजा आणि स्कीची जोडी वर वाहून आणणारा तिचा नवरा हुसैनमियाँ.

जोडी खतिजाने केली होती, खास उस्मानसाठी. माबेल्यातल्या आपल्या घरी, स्वयंपाकघरात, नवरा कामावर गेला की एसी लावून. बारीक प्लायवूड, त्यावर काचेचं कापड, वरखाली सनमायका, आणि या सगळ्यांना एकमेकांशी धरून ठेवायला इपॉक्सी. हुसैनमियाँ पूर्वी दर हिवाळ्यात करायचा, ते बघून बघून शिकली होती. इपॉक्सी लाड करून घेत नाही. रेझिनमध्ये हार्डनर मोजूनच घालायचं. कमी पडलं तर ते कधी वाळतच नाही, आत नुसती काकवी राहते.

तिने मुद्दाम अर्धंच घातलं होतं.

पहिल्या वळणावर थर सुटणार होते. उस्मान तोंडावर आपटणार होता, अर्बाबसमोर, जमलेल्या सगळ्या गाववाल्यांसमोर. वाळूत आपटून कोणी मरत नाही. दात किरकिरतात फक्त. तेवढं तिला पुरे होतं.

दोन वर्षांपूर्वी अर्बाबच्या वर्कशॉपमध्ये हुसैनमियाँने जोडलेली एक नवीकोरी बोट सांध्यात उकलली. फोरमन होता उस्मान, हुसैनमियाँच्याच गावचा. तो म्हणाला, "आमच्या गावची सवयच आहे ही, अर्बाब. कालवणात मसाला टाकावा तसं हार्डनर टाकतात." सगळे हसले. पटण्यासारखंच होतं ते. गावच्या होड्यांना वेगळं रेझिन लागतं, त्यात चार थेंब कमीजास्त चालून जातात. जन्मभराचा हात असा एकदम बदलतो थोडाच? हुसैनमियाँची नोकरी गेली. आता तो पाण्याचा टँकर चालवतो. "माप बरोबर होतं. हार्डनरच मेलेलं होतं," एवढंच तो म्हणत राहिला. त्या खेपेतले रेझिनचे आणि हार्डनरचे डबे त्याने घरी आणून ठेवले, कधीतरी कोणीतरी तपासेल म्हणून. कोणी तपासले नाहीत. खतिजाला स्कीसाठी आयतं सामान मिळालं.

"भाभी, मन मोठं केलंत हां तुम्ही," उस्मान दुसरा पाय उचलत म्हणाला. "मला तर वाटायचं, एक दिवस बिर्याणीतनं विष घालाल."

"बिर्याणी तुमच्या बायकोने केलीय," खतिजा म्हणाली. "बिनघोर खा."

तो हसला. आता नुसता पट्टा आवळायचा राहिला होता. ती तिथे गप्प बसली असती तर सगळं ठरल्याप्रमाणे झालं असतं. पण दोन वर्षं जिभेवर बसलेला टोमणा, तो कसला गप्प बसतोय.

"आणि घाबरू नका. माप काट्यावर तोलून घातलंय, मसाल्यासारखं नाही. सामान तुमच्याच वर्कशॉपचं आहे. त्या बोटीच्या खेपेतलं."

उस्मानचा उजवा पाय हवेतच राहिला.

"कुठल्या?"

"उकललेल्या. यांनी डबे जपून ठेवले होते ना."

उस्मान वाकला आणि डावा पायही सोडवू लागला. घाईत पट्टा सुटेना. मजा बघायला अर्बाब स्वतःच धापा टाकत वर आला.

"यल्ला उस्मान! डरता क्यूँ है?"

"अर्बाब, ये टूटेगा."

"क्यूँ? माप बराबर नहीं?"

"माप का क्या है, अर्बाब! ये हार्डनर ही खराब है. इसका ड्रम पूरी गर्मी खुला पड़ा था, मैंने..."

वाऱ्याने धारेवरची वाळू थोडी सरकली.

"कौनसा ड्रम?" अर्बाबने विचारलं.

उस्मानने पट्टा ओढून एकदाचा पाय सोडवला. अर्बाबने हुसैनमियाँकडे पाहिलं, मग परत उस्मानकडे. "खलास," तो उस्मानला म्हणाला. आणि उतरता उतरता मागे न बघता म्हणाला, "हुसैन, संडे को ऑफिस आ." उस्मान त्याच्या मागे बोलत बोलत, हात जोडत, अनवाणी उतरत गेला. बूट वरच राहिले.

खतिजाला वाटलं, आता इथून खाली लोळत जावं. मागायला गेली मूठभर वाळू, आणि मिळाली अख्खी टेकडी. ती वळली.

हुसैनमियाँ वाळूत बसला होता. एक स्की मांडीवर घेऊन त्याने सनमायकाची कड नखाने उचलली. आत चिकट तार सुटली.

"पुरं घातलं होतंस?"

"वेडी आहे का मी?" ती हसत म्हणाली. "अर्धं! आपटायला नको त्याला?"

हुसैनमियाँ हसला नाही. त्याने बोट वाळूत पुसलं.

"पुरं घातलं असतंस, तरी हे कच्चंच राहिलं असतं," तो म्हणाला. "दोन वर्षं मी दुसरं काय सांगत होतो, खतिजा? तू हो हो म्हणायचीस."