डब्याचं तोंड कुणाकडे

"बड़ावाला ले जाओ खां, पूरा पंडाल हिल जाएगा!" दुकानदार गरजला आणि गोपीनाथ टेंबेला तो माणूस एकदम पसंत पडला. जे काय असेल ते खणखणीत आवाजात, तोंडावर. नाहीतर हल्ली सगळे कुजबुजे झाले होते.

मांडीवर बेस गिटार घेऊन तो स्टुलावर बसला होता. समोर स्पीकरचे लहानमोठे डबे मांडले होते. कारखान्याच्या वसाहतीतल्या महाराष्ट्र मंडळाचा गणपती जवळ आला होता आणि मंडळाच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवणारा तो एकटाच. त्याने मोठ्या डब्याकडे बोट दाखवलं. ऑर्केस्ट्रा चालवणारा सुधाकर समोर येऊन मान हलवत म्हणाला, "नाही दादा, छोटावाला."

मग सुधाकरने भलतंच केलं. छोट्या डब्यातून बेस वाजायला लागला तरी तो समोर उभा राहून ऐकेना. डब्याच्या मागे गेला आणि पोराचा ताप बघावा तसा त्यावर तळहात टेकवून थांबला. हे गोपीनाथनेच त्याला शिकवलेलं. दोघंही कारखान्याच्या एकाच शॉपमधले, एकाच विभागातले. तिथे दिवसभर पत्र्यांवर घण पडायचे. कान काय कामाचे? बोलायचं ते खुणांनी, आणि मशीन नीट चालतंय की नाही ते हात ठेवून ओळखायचं. पण ते मशीन! गाण्याचा स्पीकर कुणी हाताने पारखतं का? याला बेस ऐकायचाच नाहीये, गोपीनाथ मनाशी म्हणाला. तेवढ्यात सुधाकर दुकानदाराच्या कानाशी लागला. दुकानदाराने एकदा गोपीनाथकडे पाहिलं, मान डोलावली आणि मुकाट्याने छोटा डबा बांधायला घेतला.

कुठेतरी पाणी मुरत होतं. आजचं नाही, वर्षभराचं. शालिनी गायला उभी राहायची ती आधी सुधाकरशी ओठातल्या ओठात काहीतरी बोलून, आणि मग दोघं त्याच्याकडे बघायची. गेल्या गणपतीत ऐन गाण्यात बेस एकीकडे आणि तबला दुसरीकडे गेला. मोहन तबल्यावर घाई करतोय, हे गोपीनाथने तिथल्या तिथे सांगितलं होतं. कुणी हो म्हटलं नाही. घरीही तीच तऱ्हा. प्रतिभा फोनवर सुधाकरशी हळूच बोलायची आणि काय चाललंय विचारलं तर म्हणायची, "काही नाही हो, एकदा साकेत नगरच्या दवाखान्यात जाऊन येऊ." धडधाकट माणसाला दवाखाना कशाला? एकदा आजारी ठरवला की काढून टाकायला सोपं! म्हणजे बायकोसुद्धा सामील! कारखान्यात टेंबे पुष्कळ होते. बेसवाला टेंबे एकच होता. ते गेलं की निवृत्तीनंतर हातात काय राहणार, खुळखुळा?

शनिवारी संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये तालीम होती. गोपीनाथ पोचला तेव्हा त्याच्या जागी लाकडी फळ्यांची एक बसकी चौकी घातलेली. तिच्यावर त्याची खुर्ची, खुर्चीपाशी तो छोटा डबा. डब्याचं तोंड खुर्चीकडे. लोकांकडे पाठ.

"हे काय? तोंड लोकांकडे कर."

सुधाकर वायरी जोडत होता. त्याने वर न बघताच काहीतरी उत्तर दिलं. तेही ओठातल्या ओठात.

गोपीनाथचा तोल सुटला. "पुरे झाली कुजबुज! केसानं गळा कशाला कापता? मला काढायचं असेल तर तोंडावर सांगा!"

शालिनीने पदर डोळ्यांना लावला. सुधाकर उठून त्याच्यासमोर आला, पण तोंडाने काही बोलला नाही. शॉपमधल्यासारख्या खुणा करू लागला. आधी हॉलच्या मोठ्या स्पीकरकडे बोट, मग समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे: तुमचा बेस लोकांना तिकडून ऐकू जाणार. मग छोट्या डब्याकडे बोट आणि तेच बोट गोपीनाथच्या छातीवर: हा तुमचा. एक वायर उचलून त्याने दाखवली. तबल्यापासून निघालेली ती वायर याच डब्याला आणली होती. शेवटी त्याने तळहात पालथा करून हवेत दाबला. ही खूण गोपीनाथनेच त्याला पहिल्या दिवशी शिकवली होती: हात ठेव, मशीन चालू आहे.

गोपीनाथ रागातच बसला. चपला काढून त्याने पाय चौकीवर टेकले. मोहनने ठेका धरला.

तबला तळव्यांतून वर आला. पोटऱ्यांत शिरला, गुडघ्यांत शिरला. एकेक मात्रा सुटी, स्वच्छ, डब्यातून फळीत आणि फळीतून हाडांत. मोहन कुठेच घाईत नव्हता. गोपीनाथला घाम फुटला. त्याची बोटं आपसूक तारांवर गेली आणि बेस तबल्याच्या बरोबर चालू लागला, वर्षभरात पहिल्यांदा.

त्याने मान वर केली. समोर शालिनी रडतही होती, हसतही होती, आणि हॉलच्या पार टोकाला गेलेल्या सुधाकरला काहीतरी सांगत होती. तोंड पुरतं उघडलेलं, मानेच्या शिरा ताणलेल्या. तबल्याच्या वर आवाज जावा म्हणून ती चक्क ओरडत होती. गोपीनाथपर्यंत पोचली ती तीच, वर्षभराची कुजबुज.