संध्याकाळच्या आत राडा

"राडा पाहिजे आकाश, राडा! रांगेत बसलेल्या म्हाताऱ्या बघायला कोण लावणार आपलं चॅनल?" राजेंद्र सर फोनवर ओरडत होते. "संध्याकाळच्या आत पाठव, नाहीतर उद्यापासून घरी बस."

पवनानगरच्या फाट्यावर मोटारसायकल लावून आकाश ऐकत होता. धमकी पोकळ नव्हती. कोरोनाची दुसरी लाट आल्यापासून चॅनलनं निम्मी माणसं कमी केली होती. त्याच्या कॅमेरामनला तर मागच्याच आठवड्यात नारळ मिळाला होता. आता बातमीदार तोच, कॅमेरामन तोच आणि ड्रायव्हरही तोच.

राडा हवा म्हणे! लोक घरात दारं लावून बसलेले. त्यांना बाहेर बोलावून भांडा म्हणायचं की काय?

पण नशीब कधी कधी फोनवरूनच येतं. धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतून सविता नावाच्या आशाताईनं फोन केला. "दादा, टीव्हीवाले तुमीच ना? लौकर या. हितं पिवळे न् जांभळे एकमेकांच्या उरावर बसल्यात."

पिवळे आणि जांभळे म्हणजे राज्यातले दोन पक्ष. उपरण्याच्या रंगावरून लोक त्यांना असंच ओळखत. आकाशनं गाडीला किक मारली.

वाडीच्या शाळेपुढं खरोखर मेजवानी मांडलेली होती. पिवळं उपरणं घेतलेले कोंडाजी आबा काठी आपटत होते. जांभळ्या उपरण्यातले हौशीराम आबा त्यांच्या अंगावर धावून जात होते. मधे उभी राहून सविता दोघांना आवरत होती.

"आमच्या सायबांनी वाडीसाठी लस धाडलीती!" कोंडाजी आबा गरजले. "ह्यांच्या सायबांनी वाटंत पळवली!"

"खोटं! समदं खोटं!" हौशीराम आबांनी बाह्या सरसावल्या. "लस आमच्या सायबांची. ह्यांनी तिच्यावर नुसता आपला फोटू डकवला!"

"पण लस आहे कुठं?" आकाशनं सविताला विचारलं.

"एक थेंब न्हाई. दोन म्हैने अर्ज देतेय मी. पंचेचाळिशीच्या वरची ऐंशी माणसं हायेत वाडीत. कोण ढुंकून बघंना."

आकाशनं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. अर्जाची कुठं बातमी होते? त्यानं कॅमेरा दोघा म्हाताऱ्यांकडे वळवला. "आबा, मास्क जरा खाली घ्या. चेहरा दिसू दे."

"न्हाई!" दोघं एका दमात म्हणाले. "नियम म्हंजी नियम."

एवढ्या हाडवैऱ्यांचं निदान एका गोष्टीवर तरी एकमत आहे, याचं आकाशला कौतुक वाटलं. त्यानं डोळ्यांवरच भागवलं. डोळ्यांतच इतका अंगार होता की चेहऱ्याची गरज नव्हती.

'लसीवरून मावळात रणकंदन' ही बातमी संध्याकाळी सहाला लागली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हलली नाही. स्टुडिओत पिवळा प्रवक्ता आणि जांभळा प्रवक्ता घसा बसेपर्यंत भांडले. त्या वाडीची लस आम्हीच देणार, असं दोघांनीही छातीठोकपणे सांगितलं. आता माघार कोण घेणार?

तिसऱ्या दिवशी लसीची गाडी वाडीत आली. मागोमाग दोन्ही पक्षांचे पुढारी आले, आपापले फलक घेऊन. ऐंशीच्या ऐंशी माणसांना लस मिळाली. पंचाहत्तरी ओलांडलेल्या अंबूबाई दंड चोळत कॅमेऱ्यापुढं आल्या आणि म्हणाल्या, "ह्यापरीस आमचा डास जास्त चावतो!" अख्खी वाडी हसली. आकाशही हसला. किती महिन्यांनी त्यानं इतकी माणसं एकत्र हसताना बघितली होती! त्याचे डोळे भरून आले आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही.

राजेंद्र सर तर हवेत होते. "वाघ आहेस तू! असे आणखी दोन-चार राडे आण." मग लगेच त्यांचं शेपूट आलंच, "नाहीतर माहीत आहे ना?"

आकाशला माहीत होतं. त्यामुळे चार दिवसांनी लोहगडवाडीच्या अलीकडच्या एका वस्तीतून फोन आला, तेव्हा त्याला देव भेटल्यासारखं झालं.

"मी अनिता, हितली आशाताई," पलीकडून आवाज आला. "तुमी त्या वाडीत आलतात न्हवं? आमच्याकडं तर डोकी फुटायची येळ आलीया. एक डोस न्हाई आला अजून."

आकाश पोचला तेव्हा गड चढायला येणारं कुणी नव्हतं. भज्यांच्या टपऱ्यांवर ताडपत्र्या ओढलेल्या होत्या. सगळी वस्ती मात्र मारुतीच्या देवळापुढं लांब लांब उभी होती. मधे दोन म्हातारे. अनितानं ओळख करून दिली. जांभळ्या उपरण्यातले केरबा नाना, पिवळ्यातले सखाराम नाना. दोघांच्या डोक्याला ही भलीमोठी मुंडाशी, डोळ्यांवर काळे चष्मे आणि तोंडावर मास्क. मास्क काढा म्हणायच्या फंदात आकाश पडलाच नाही. या डोंगरातली माणसं नियमाला पक्की, हे त्याला ठाऊक झालं होतं.

बातम्यांना अर्धा तास उरला होता. त्यानं केरबा नानांच्या जांभळ्या उपरण्याला छोटा माइक लावला, हेडफोन कानावर चढवला आणि कॅमेरा सुरू केला. "हं नाना, बोला. मनात काही ठेवू नका."

केरबा नानांनी छाती भरून श्वास घेतला आणि काठी आपटली. "आमच्या पिवळ्या सायबांनी वस्तीसाठी लस धाडलीती..."

अनितानं कपाळाला हात लावला. सखाराम नाना तीरासारखे धावून आले, केरबा नानांचं उपरणं धरून त्यांना गदागदा हलवू लागले आणि त्यांच्या छातीशी तोंड नेऊन दबक्या आवाजात बोलले. वस्तीला ते ऐकू गेलं नाही. आकाशच्या हेडफोनमध्ये मात्र शब्दन् शब्द आला.

"आरं कोंडाजी, पिवळा मी हाय! आज तू जांभळा!"