म्हसोबाचं वळण

हेमलता कामठेंनी सवयीनं हात पुढे केले, पण नव्या ट्राममध्ये समोर स्टिअरिंगच नव्हतं. वेग आणि ब्रेक पायाशी होते. हातांना कामच उरलं नव्हतं. कालपर्यंत याच लेनमधून त्या जलद बस चालवत होत्या. आज तिथे रूळ चमकत होते. ते कुणी टाकले नव्हते. नियोजन खात्याच्या योजनेप्रमाणे वर्षानुवर्षं बसच्या चाकांतून लोखंड घडवणारे लोहजिवाणू रस्त्यात झिरपत राहिले आणि चाकं जिथून गेली तिथे रूळ उगवले.

"म्हसोबापाशी जपून, कामठेताई," नियोजन अधिकारी इंद्रायणी पाटसकर मागून म्हणाल्या. "नकाशात तिथे सरळ रेघ आहे, रूळ मात्र हातभर वाकलेत. पहिल्याच फेरीत चाक उतरलं, तर योजना रद्द. उद्यापासून अख्खा रस्ता खोदून नेहमीचे रूळ टाकतील."

"वाकणारच की, मॅडम. तिथे सगळे ड्रायव्हर एक हात सोडून छातीला लावायचे. बस आपोआप डावीकडे सरकायची."

"आणि हे मला कुणीच सांगितलं नाही?"

"देवाला नमस्कार करतो, हे काय ऑफिसात येऊन सांगायचं?"

शेंदरी दगड दिसू लागला. पाटसकरांनी दांडा घट्ट धरला. चाकं कुरकुरली, आणि अख्खी गाडी, पार शेवटच्या डब्यापर्यंत, म्हसोबाकडे अदबीनं झुकून पुन्हा सरळ झाली.

"म्हसोबाच्या नावानं चांगभलं!" मागचे डबे दणाणले. सर्वांत मोठा आवाज पाटसकरांचा होता.

कामठेबाईंनी हात जोडले. इतकी वर्षं एका हातावर भागवलेला नमस्कार आज पुरा झाला.