नोकरीत असताना

कारखान्यातल्या अनंताच्या तेराव्याहून येऊन गुणाजी जेवायला बसला. "अनंता नशीबवान," भात कालवता कालवता तो म्हणाला. "तो नोकरीत असताना गेलो. पोरग्याची नोकरी पक्की."

त्याचा मुलगा लवू समोरच जेवत होता. विक्रोळीच्या ज्या कारखान्यात बापाने हयात घातली, तिथला रिवाजच तसा होता. कामगार नोकरीत असताना मेला तर त्याच्या मुलाला आत घ्यायचे. रिटायर झाला तर नारळ, शाल आणि रामराम. लवू आयटीआय करून घरी बसला होता, आणि बाप महिनाअखेरीला रिटायर होणार होता.

त्या दिवसापासून लवू बापावर नजर ठेवायला लागला. बाप ब्लडप्रेशरची गोळी घेत नाही, असं आईने सांगितलं. हायवे ओलांडताना मान वळवूनसुद्धा बघत नाही, असं शेजारचा चंदर म्हणाला. मग पाळी सुटायच्या आधीच लवू रोज कारखान्याच्या गेटवर जाऊन उभा राहायला लागला. बापाचं मनगट घट्ट धरून रस्ता ओलांडायचा.

शेवटच्या दिवशी खांद्यावर शाल आणि हातात नारळ घेऊन गुणाजी बाहेर आला, तेव्हा कुठे लवूचा जीव भांड्यात पडला.

"चला बाबा, सुटलात एकदाचे."

बापाने मान वर केली नाही.

"माफ कर रे झिला," तो म्हणाला. "रोज ठरवून मी भायर पडत होतंय. पण गेटार तू उभो."